मोडीचा भाव आणि लिलावाचा भाव

२०१५ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटास गावी जुनं इलेक्ट्रॉनिक सामान मोडीत काढणाऱ्या एका केंद्रात साठीच्या आसपासची एक बाई काही खोकी घेऊन आली. नवरा वारला होता, त्याच्या मागे गॅरेज आवरायला काढलं होतं. पावती हवी का, असं तिथल्या माणसाने विचारलं. बाई नको म्हणाली आणि निघून गेली. काही आठवड्यांनी खोकी उघडली, तर एकात निघाला ॲपल-१. केंद्राने तो एका संग्राहकाला २ लाख डॉलरला विकला. त्यांचा नियम असा की विकल्या गेलेल्या वस्तूचे निम्मे पैसे आणून देणाऱ्याचे. त्यामुळे १ लाख डॉलरचा चेक देण्यासाठी त्या बाईची शोधाशोध सुरू झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली.

अशी बातमी आली की आमच्यासारख्यांचे फोन वाजायला लागतात. "तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग, आमच्या माळ्यावर एक जुना पडलाय, त्याचे किती येतील?" आता मी दिवसभर हापिसात जावाचा कोड लिहितो, मी काही सराफ नाही. पण इंजिनियरिंगला असल्यापासून जुन्या यंत्रांचा नाद आहे, त्यामुळे गेले दोन-तीन विकांत या प्रश्नामागे लागलो. आणि लक्षात आलं की जुन्या कॉम्प्युटरचा भाव हा नुसता बाजारभाव नाही, तो छोटासा इतिहासच असतो. काय बनलं यापेक्षा काय फेकलं गेलं याचा इतिहास.

आधी ॲपल-१ चंच बघू. १९७६ साली स्टीव्ह वॉझनियाकने तो बनवला, स्टीव्ह जॉब्जने विकायला काढला. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. एवढ्यात काय मिळायचं? तर चिपा बसवलेला एक बोर्ड. कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पडदा, डबा सगळं ज्याचं त्याने आणायचं. माउंटन व्ह्यूच्या बाइट शॉप नावाच्या दुकानाने ५० नग मागवले आणि धंद्याला सुरुवात झाली. एकूण बनले साधारण २००.

पुढच्याच वर्षी ॲपल-२ आला. तो डब्यासकट, कीबोर्डसकट, रंगीत चित्रं दाखवणारा. ॲपल-१ वाल्यांच्या शंकांना उत्तरं देऊ शकणारा माणूस मुख्यतः एकच, स्वतः वॉझनियाक. म्हणून कंपनीने जुने बोर्ड बदलीत परत घ्यायला सुरुवात केली आणि परत आलेले बोर्ड चक्क नष्ट केले. म्हणजे आज जी वस्तू काचेच्या पेटीत ठेवतात, ती तिच्या जन्मदात्यांनीच मोडीत काढली होती! उरली ती ज्यांनी बदलून घ्यायचा आळस केला त्यांच्याकडे.

आता लिलावांचे आकडे बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये लंडनला क्रिस्टीजमध्ये एक ॲपल-१ गेला १,३३,२५० पौंडाला. जून २०१२ मध्ये सदबीजमध्ये दुसरा ३,७४,५०० डॉलरला. ऑक्टोबर २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात हेन्री फोर्ड म्युझियमने ९,०५,००० डॉलर मोजले. सप्टेंबर २०२४ मध्ये क्रिस्टीजमध्येच पॉल ॲलनच्या संग्रहातला एक ९,४५,००० डॉलरला गेला, म्हणजे आपले जवळजवळ ८ कोटी रुपये.

पण यावरून भाव सरळ चढत गेला असं समजू नका. मिल्पिटासचा नग २०१५ मधला आहे, म्हणजे ९ लाखांच्या लिलावानंतरचा, आणि तो गेला २ लाखांना. वस्तू तीच, साल मागेपुढे, भाव चौपट-पाचपट वेगळा. असं का?

कारण बोर्डाबरोबर काय येतं ते महत्त्वाचं. २०१० च्या नगाबरोबर मूळ खोकं होतं, त्यावर पाठवणाराचा पत्ता म्हणून जॉब्जच्या आईवडिलांच्या घराचा पत्ता होता, शिवाय जॉब्जच्या सहीचं पत्र होतं. २०१४ चा नग चालू स्थितीत होता. २०२४ चा तर ॲपलमधल्या जॉब्जच्या स्वतःच्या खोलीतून आलेला. आपल्याकडे जमिनीचा सातबारा बघतात ना, तसा हा यंत्राचा सातबारा. कुणाकडून कुणाकडे आलं, कागद आहे का, मधे काही बदललं का.

बदललं का हे कसं कळतं? बहुतेक जुन्या चिपांवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन आठवडा. ७६२५ म्हणजे १९७६ चा पंचविसावा आठवडा. १९७६ च्या बोर्डावर ८२११ ची चिप दिसली की समजायचं, ही नंतर बसवलेली आहे. जाणकार माणूस भिंग घेऊन आधी हे आकडे वाचतो आणि मग किंमत बोलतो.

दुसरं उदाहरण ॲपलच्याच लिसाचं. जानेवारी १९८३ मध्ये आली, किंमत ९,९९५ डॉलर. माऊस, खिडक्या, मेनू, सगळं होतं. पण त्या किमतीला घेणार कोण? त्यातले ट्विगी नावाचे फ्लॉपी ड्राइव्ह भरवशाचे निघाले नाहीत. वर्षभरातच लिसा-२ आली आणि कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांना ड्राइव्ह फुकट बदलून दिले. लोकांनी अर्थातच बदलून घेतले. आणि सप्टेंबर १९८९ मध्ये न खपलेल्या सुमारे २,७०० लिसा युटा राज्यातल्या लोगन गावच्या कचरा डेपोत पुरल्या, कारण विकण्यापेक्षा पुरून करात सूट घेणं फायद्याचं होतं. आज ज्या लिसामध्ये मूळचे ट्विगी ड्राइव्ह आहेत तिचा भाव लिसा-२ पेक्षा कितीतरी जास्त. गंमत बघा, जो भाग वाईट म्हणून काढून टाकला, त्याचाच भाव सर्वात जास्त!

उलट बाजूने कमोडोर ६४ घ्या. १९८२ चा, ५९५ डॉलरचा. एका जातीचा सर्वात जास्त खपलेला कॉम्प्युटर म्हणून त्याचं नाव गिनेसमध्ये आहे, एक कोटीच्या पुढे नग गेले. इतिहासात त्याचं स्थान लिसापेक्षा कमी नाही. एका अख्ख्या पिढीने प्रोग्रॅमिंग त्यावर शिकून घेतलं. पण भाव? अमेरिकेत-युरोपात अजूनही साधारण पगारदाराला परवडेल असा. कारण भरपूर उरलेत. तेव्हा 'चाळीस वर्षं जुना आहे हो' हे काही भाव सांगायचं कारण नव्हे.

थोडक्यात काय, तर प्रत्येक कॉम्प्युटरच्या किमतीचा आलेख एका दरीसारखा असतो. नवा असताना शिखर. मग घसरण, आणि तीही जोरात, कारण दोन-तीन वर्षांत दुप्पट वेगाचा नवा त्याच किमतीत येतो. मग खूप वर्षं दरीचा तळ. या तळाला यंत्राचा भाव म्हणजे त्यातल्या धातूचा भाव. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरला मोडीच्या बाजारात मान आहे तो त्याने काय काम केलं म्हणून नाही, त्याच्या सिरॅमिकच्या वेष्टनात सोनं जास्त आहे म्हणून! जे नग या तळाशी वितळून गेले नाहीत, तेच पुढे पलीकडच्या चढावर दिसतात. सगळे चढतात असंही नाही. ज्याची कुणाला आठवण आहे तेच चढतात.

आता प्रिंटर. इथे मात्र सगळं गणित उलटं.

मार्च १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर बाजारात आला. किंमत ६,९९५ डॉलर. आतमध्ये १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी. म्हणजे ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा त्याच्यापेक्षा प्रिंटरच जास्त हुशार. छपाईचं यंत्र कॅननचं, तेच जे एचपीने १९८४ च्या पहिल्या लेझरजेटमध्ये वापरलं होतं. वर ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट. त्याच वर्षी ऑल्डसचं पेजमेकर आलं आणि डीटीपी नावाचा धंदा जन्माला आला. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं खिळ्यांच्या जुळणीतून सुटलं त्याचं मूळ इथे आहे.

एवढं मोठं काम केलेल्या लेझररायटरला आज भाव किती? जवळजवळ नाही. कारणं अगदी साधी. वजन ३५ किलोच्या घरात, पाठवायचा खर्च किमतीहून जास्त. कागद ओढणारे रबरी रूळ कडक होतात किंवा चिकट होतात. टोनर शोधावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिंटरवर कुणी लहानपणी गेम खेळलेला नसतो :-) जुना कॉम्प्युटर चालू केला की काहीतरी दिसतं, प्रिंटर चालू केला की चाचणीचा एक कागद बाहेर येतो, झालं.

पण म्हणून सगळे जुने प्रिंटर कवडीमोल नाहीत. डॉट मॅट्रिक्स बघा. टीव्हीएसचे एमएसपी, वेपचे, एप्सनचे. कार्बन घातलेल्या तीन-चार प्रतींवर एकदम छापायचं तर सुया आपटणारा प्रिंटरच लागतो, लेझरच्या बापाला ते जमणार नाही. ट्रान्सपोर्टची बिल्टी, घाऊक औषधवाल्यांची बिलं, गोदामाची चलनं यांना अजून तोच लागतो. रिबन स्वस्त, सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारा प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. त्यामुळे जुना पण चालू डॉट मॅट्रिक्स विकला जातो, आणि तो 'विंटेज' म्हणून नाही, कामाचा म्हणून. मला वाटतं खरा फरक इथे आहे. प्रिंटरचा भाव कामाचा असतो, कॉम्प्युटरचा आठवणीचा. काम संपलं की प्रिंटर संपला.

हे झालं बाहेरचं. जुन्या कॉम्प्युटरचा योग्य भाव कोणता, हा प्रश्न आपल्याकडे तर थेट संसदेपर्यंत गेला होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. आयबीएमचा १४०१ हा कॉम्प्युटर १९५९ चा. बाहेरच्या देशांत वापरून जुनी झालेली ही यंत्रं कंपनी भारतात आणायची, मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करायची आणि इथल्या सरकारी खात्यांना, कंपन्यांना भाड्याने द्यायची. ती तिकडे मोडीत निघालेली, इकडे मात्र मोठ्या भाड्याची. १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने यावर बोट ठेवलं. कंपनीची बाजू अशी की यंत्र दुरुस्त करून, देखभालीसकट देतोय, काम चोख होतंय, मग वय कशाला विचारता? आणि खरं सांगायचं तर ज्या ऑफिसात पगाराच्या याद्या हाताने होत होत्या तिथे त्या यंत्राने काम केलंच. समितीचा मुद्दा असा की ज्याची किंमत तुमच्या वह्यांत कधीच वसूल झाली त्याचं एवढं भाडं कसलं? दोघेही एकाच यंत्राबद्दल बोलत होते, एक कामाचा भाव सांगत होता, दुसरा वयाचा. पुढे फेरा कायद्याखाली परकी भागभांडवल कमी करायचा प्रश्न आला, आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. इथे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये लोकांनी वर्षानुवर्षं खपून १४०१ पुन्हा चालू केलाय, प्रेक्षकांसमोर तो कार्डं वाचतो आणि छापतो.

त्यानंतरच्या काळात इथे बनलेली यंत्रं घ्या. १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' योजना सुरू झाली, तिच्यात ब्रिटनचा बीबीसी मायक्रो आला. तोच मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 'एससीएल युनिकॉर्न' नावाने बनला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची परवान्याने केलेली आवृत्ती आणली, डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळ ब्रिटिश नगांचे भाव चटकन सापडतात, कारण रोज कुठेतरी एक विकला जातो. या भारतीय भावंडांचा भाव सांगणं फार अवघड. नग कमी आहेत हे तर खरंच, पण विक्रीच होत नाही तर भाव ठरणार कसा? दुर्मिळ असून भाव नाही, हे फक्त बाजार नसलेल्या ठिकाणीच घडतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर मामाचं सांगतो. साताऱ्याला मामाचं डीटीपीचं दुकान होतं. गेल्या वर्षी त्याने ते बंद केलं. भंगारवाला येऊन किलोवर भाव सांगून गेला, सगळ्याला एकच. मामाचा मला फोन, "अरे, एकदा येऊन बघून जा. पंचवीस वर्षं पोट भरलंय यांनी. असंच काट्यावर घालायचं जिवावर येतंय."

गेलो. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक १३२ कॉलमी डॉट मॅट्रिक्स. प्रिंटरचा निकाल पाच मिनिटांत लागला. डॉट मॅट्रिक्स चालू होता, ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने अडीच हजाराला नेला. लेझरचे रूळ गेलेले, तो मोडीत. पेंटियमवर श्रीलिपी होती, फायली काढून घेतल्या, बाकी त्या जातीच्या पेंटियमला गिऱ्हाईक नाही. राहिला ४८६. मामा बटण दाबायला निघाला होता, त्याला थांबवलं आणि आधी डबा उघडला. त्या काळच्या मदरबोर्डांवर चार्ज होणारी एक छोटी बॅटरी असते, ती पाझरून बोर्ड खाते. इथेही हिरवट बुरा पसरलेला. मदरबोर्ड गेलेला. पण शेजारच्या खाचेत एक कार्ड अगदी कोरं करकरीत.

"हे कसलं, मामा?"

"जिस्ट कार्ड ते. त्याच्याशिवाय डॉसमध्ये मराठी दिसायचंच नाही. मतदार याद्या, शाळांचे निकाल, पतसंस्थांच्या नोटिसा, सगळं त्याच्यावर केलंय. नव्या कॉम्प्युटरपेक्षा त्याचीच ऐट जास्त होती दुकानात."

जिस्ट म्हणजे आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने घरोघर पोचवलेलं तंत्र. इंग्रजीखेरीज काही न येणाऱ्या पीसीला देवनागरी दाखवायला लावणारं कार्ड. आता युनिकोड आल्यावर कुणाला त्याची गरज उरली नाही. मामाने विचारलं, "मग याचे किती येतील?"

मी म्हटलं, "मामा, खरं सांगू का, विकायला काढलंत तर शे-दोनशे सुद्धा कुणी देईल असं नाही. पण हे द्यायचं नाही."

"भाव नाही म्हणतोस आणि ठेव म्हणतोस?"

मग मी त्यांना ॲपल-१ चं सांगितलं. बदली योजनेत परत केलेले बोर्ड, लोगनमध्ये पुरलेल्या लिसा. तिकडे दरीचा तळ दहा-पंधरा वर्षांचा होता, तेवढ्यात गॅरेजमध्ये, माळ्यावर काहीतरी उरलं. आपल्याकडे जागा कमी, भंगारवाला दारावर येतो आणि मोडीचं काम चोख होतं. त्यामुळे आपली यंत्रं दरीच्या तळालाच संपतात. उद्या कुणाला मराठी पहिल्यांदा पडद्यावर कशी आली हे दाखवायचं झालं, तर दाखवायला वस्तू नसेल. मामाने कार्ड काढून फडक्यात गुंडाळलं. मी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं: कधी घेतलं, कितीला घेतलं, त्यावर कुणाकुणाची कामं केली. मामाचं अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

तेव्हा तुमच्या माळ्यावर काही असेल तर माझा सल्ला असा. आधी बटण दाबू नका. डबा उघडा, बॅटरी असेल तर काढा. पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर चालू केल्याबरोबर धूर काढतात, बीबीसी मायक्रो यासाठी प्रसिद्ध आहे. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करायच्या भानगडीत पडू नका, घेणारा आपलं आपण बघून घेईल. खोकं, पुस्तिका, फ्लॉप्या, बिल, वॉरंटीचा कागद फेकू नका, पुष्कळदा यंत्रापेक्षा त्यांनाच जास्त विचारतात. भाव बघताना जाहिरातीत मागितलेला आकडा बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांचा बघा. मागायला काय, कुणीही लाख मागतो. डिस्कवरचा खाजगी माल मात्र आधी पुसून टाका. आणि प्रिंटर असेल तर एकच प्रश्न: चालतो का? चालत असेल तर आजच विका, उद्या आणखी कमी येतील.

कॉम्प्युटर इथे बनलेला असेल, किंवा त्यात आपल्या भाषेचं काही असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एक फोटो काढा आणि वापरणाऱ्या माणसाकडून चार ओळी लिहून घ्या. ज्यांनी ही यंत्रं वापरली ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. यंत्राचा भाव पुढे कधी येईल तो येईल, पण हा कागद नंतर कुणाला लिहिता येणार नाही.